पेटा साफ करताना

आज परत बाबांनी ताट सरकवलं. दात नाहीत आता त्यांना, म्हणून मऊ भात, वरण, दोडक्याची भाजी मिक्सरमधून काढलेली. "नको, जात नाही," एवढंच. काही बोलले नाही मी, पण दिवसभर डोक्यात तेच. कळव्याहून गर्दीची लोकल पकडायच्या आधी एवढं सगळं करून ठेवायचं आणि ताट तसंच परत. वाईट वाटतं, खरंच वाटतं. दादाचा फोन येऊन गेला, जेवले का विचारायला. जाऊ दे.

संध्याकाळी गावठी कोंबडी आणली, पेटा, म्हणजे तिच्या पोटाचा दाणे दळणारा भाग, साफ न करताच दिला होता. उभा चिरला. जांभळट मांस, इतकं घट्ट की सुरी अडते, आत पिवळं सुरकुतलेलं अस्तर आणि त्यात अर्धवट दळलेले दाणे नि बारीक खडे, झिजून गुळगुळीत झालेले. अस्तर नखाने धरून ओढलं की अख्खं निघतं.

पक्ष्यांना दात नाहीतच. दाणा टिपला की सरळ आत, गळ्याखालच्या पिशवीत भिजत पडतो, मग पोटाच्या पहिल्या भागात आम्ल मिसळतं आणि पेट्यात हे खडे त्याला दळतात. आपलं दळण तोंडातच. जठर घुसळतं पण त्याच्याकडे खडे कुठे, आणि भाताचं पचन तर लाळेपासूनच सुरू होतं. म्हणून तर वाटून देते ना मी! पण वाटलेलं चावावं लागत नाही, घास तोंडात फिरतच नाही, मग चव तरी काय लागत असेल? बाबांना जेवण नकोय असं नसेलच कदाचित, चावायला काहीतरी हवं असेल.

खिडकीच्या ग्रिलवरच्या कबुतरांचं बघा, त्याच गळ्याच्या पिशवीत पिल्लांसाठी दूध तयार होतं, नराच्याही. खाडीवरच्या फ्लेमिंगोंचंही तसंच. दोघंही भरवतात. दोघंही. असो.

पेट्याला कुकरच्या भरपूर शिट्ट्या काढल्या, अगदी बारीक तुकडे केले. बाबांनी एक तुकडा कितीतरी वेळ हिरड्यांत घोळवला, मग म्हणाले मीठ कमी आहे. मीठ कमी आहे म्हणाले! इतक्या दिवसांत जेवणाला नाव पण ठेवलं नव्हतं त्यांनी. भात अर्धा संपला, अर्धा राहिला, चालेल.

कवळीला वेळ आहे, हिरड्या भरायला हव्यात म्हणे डॉक्टर. तोवर मिक्सर कमी करायचा. उद्या लाल भोपळा, फोडी तशाच ठेवून.