दहाव्या दिवसाचा फोन

दुसऱ्या केमोनंतरच्या दहाव्या दिवशी, रात्री साडेअकराला मला थंडी वाजून आली. थर्मामीटर १०१ दाखवत होता. "एक पॅरासिटामॉल घेते, सकाळी बघू," म्हणून मी गोळ्यांच्या डब्याकडे हात नेला, तर ह्यांनी डबाच उचलून बाजूला ठेवला आणि हॉस्पिटलच्या इमर्जन्सीला फोन लावला. तिथे पोचल्यावर रक्त घेतलं आणि लगेच शिरेतून अँटिबायोटिक चालू केलं. रिपोर्ट आला तेव्हा कळलं, पांढऱ्या पेशी जवळजवळ तळाला गेल्या होत्या. गोळी घेऊन झोपले असते तर वरवर ताप उतरला असता आणि आत संसर्ग वाढत राहिला असता.

केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात रक्तातल्या पेशींचे काउंट सगळ्यात खाली असतात, त्या काळात ताप १००.४ पर्यंत गेला तरी वाट बघायची नाही, हे सिस्टरनी पहिल्याच दिवशी दिलेल्या कागदावर छापलेलं होतं. मी तो कागद घडी घालून पर्समध्ये टाकला होता. तेव्हा वाचलेलं काही डोक्यात शिरतच नव्हतं. ह्यांनी मात्र तो ओळ न ओळ वहीत उतरवून घेतला होता.

ही वही म्हणजे साधी दोनशे पानी, रेघांची. डाव्या पानावर तारीख, केमोनंतरचा कितवा दिवस, दोन वेळचं तापमान, उलटीची गोळी किती वाजता घेतली, झोप किती झाली, पोट साफ झालं का. शेवटचं लिहिताना मला लाज वाटायची, पण उलटीच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतो आणि कोणी विचारल्याशिवाय आपण सांगत नाही. उजव्या पानावर डॉक्टरांना विचारायचे प्रश्न. डॉक्टरांसमोर बसलं की ते सगळे पळून जातात, म्हणून आधीच लिहून ठेवायचे आणि एकेकासमोर खूण करत जायचं.

मला स्तनाचा कर्करोग होता. ऑपरेशननंतर दर २१ दिवसांनी असे लाल औषधाचे चार डोस, आणि मग दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल नावाचं औषध, बारा वेळा. म्हणजे जवळजवळ सहा महिने. बायोप्सीचा रिपोर्ट आल्यापासून आमच्या दोघांतलं बोलणं आटत गेलं होतं. "गोळी घेतलीस?" "घेतली." एवढंच. हे माझी काळजी घेत होते आणि मी काळजी घेऊन घेत होते. इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही असे कधीच नव्हतो.

तिसऱ्या डोसला शेजारच्या खुर्चीत तिशीतली एक मुलगी होती, एकटीच. तिचा पहिला दिवस. सिस्टर लाल औषधाची सिरिंज घेऊन आल्या आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. मी न राहवून म्हणाले, "अगं, ह्यानंतर एक-दोन दिवस लघवी लाल होते. रक्त नसतं ते, औषधाचाच रंग. मला कोणी सांगितलं नव्हतं, मी बाथरूममध्ये मटकन खाली बसले होते." तिने माझा हात घट्ट धरला. मग मी सांगतच गेले. उलटीची गोळी उलटीची वाट बघत थांबून घ्यायची नाही, लिहून दिलेल्या वेळेला घ्यायची. पाणी भरपूर प्यायचं आणि लघवी तुंबवायची नाही, कारण लाल औषधाबरोबरचं दुसरं औषध मूत्राशयाला त्रास देतं. स्टिरॉइडमुळे आज रात्री झोप लागली नाही तर घाबरायचं नाही. ह्यांनी वहीतून दोन कोरी पानं काढून तिला तक्ता आखून दिला आणि विचारलं, "ताई, दहाव्या दिवशी आम्ही फोन केला तर चालेल?"

परत येताना गाडीत आम्ही दोघं सारखे तिच्याविषयीच बोलत होतो. घरी आल्यावर लक्षात आलं की तासभर माझ्या आजाराचा विषयच निघाला नव्हता.

तिथून सुरुवात झाली. वहीच्या मागच्या पानांवर नावं आणि दहाव्या दिवसांच्या तारखा यायला लागल्या. फोन हे करायचे, कारण माझा आवाज बसलेला असायचा. विचारायचं फक्त एवढंच: घरात थर्मामीटर आहे ना? हॉस्पिटलचा रात्रीचा नंबर समोर लावलाय ना? त्या मुलीचा तिसऱ्या डोसनंतर एकदा रात्री उलट फोन आला. ताप १००.९, मूल नुकतंच झोपलेलं, सकाळी गेलं तर चालेल का? हे म्हणाले, "ते आम्ही नाही ठरवायचं. आत्ता त्या नंबरला फोन लावा, मग मला कळवा." वीस मिनिटांनी ती निघाल्याचा मेसेज आला तेव्हा आमचा जीव भांड्यात पडला.

सगळंच असं जमलं नाही. केमोच्या डे-केअर वॉर्डमध्ये निळा स्कार्फ बांधून एक काकू यायच्या. मी त्यांना उत्साहाने म्हणाले, "दोन-तीन महिन्यांचा प्रश्न आहे काकू, केस परत येतात, माझी मैत्रीण तर आता पहिल्यापेक्षा छान दिसते." त्या शांतपणे म्हणाल्या, "माझं औषध थांबणारच नाहीये गं. बरं होण्यासाठी नाही, आहे ते लांबवण्यासाठी चाललंय." मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. माझ्या मार्गाचं वर्णन मी त्यांच्यावर लादलं होतं. त्या दिवसापासून मी आधी विचारते: तुम्हाला डॉक्टरांनी काय सांगितलंय? आणि पुष्कळदा त्यापुढे काही बोलायची गरजच उरत नाही.

मला वाटलं काकू आता आमच्याशी बोलणार नाहीत. पुढच्या वेळी त्यांनीच ह्यांना जवळ बोलावलं. "तुम्ही प्रश्न लिहून देता ना? माझा एक लिहा." हे पेन उघडून बसले. काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "लिहा, माझ्याजवळ साधारण किती वेळ आहे." ह्यांनी लिहिलं. अक्षर नेहमीसारखं सरळ आलं नाही. "मुलासमोर तोंडातून निघत नाही हो," म्हणत काकूंनी ते पान घडी करून मुठीत धरलं आणि आत गेल्यावर डॉक्टरांच्या हातात दिलं. उत्तर काय मिळालं ते आम्ही विचारलं नाही. बाहेर आल्यावर त्या ह्यांना एवढंच म्हणाल्या, "बरं झालं." त्या रात्री हे माझ्याजवळ बसून रडले. माझ्या रिपोर्टच्या दिवशी आवरून धरलेलं रडूही त्यातच होतं.

हॉस्पिटलच्या समाजसेविकेने पुढे आम्हाला बसवून चार गोष्टी स्पष्ट सांगितल्या. औषधाचा सल्ला द्यायचा नाही, एकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही, कोणी नको म्हटलं की मागे व्हायचं, आणि माझी तब्येत बरी नसेल त्या दिवशी यायचं नाही. शेवटचं मला सगळ्यात जड गेलं.

पॅक्लिटॅक्सेलच्या आठव्या आठवड्यापासून माझी बोटं बधिर झाली. ब्लाऊजचं हूक लागेना. हे लावून द्यायचे आणि आता मला त्याचं ओशाळं वाटायचं नाही. ह्यांना झाडांचं वेड. हे औषध मुळात यू नावाच्या झाडाच्या सालीत सापडलं, त्या सालीचे नमुने १९६२ साली गोळा केले होते, हे त्यांनी शोधून काढलं आणि खुर्च्यांच्या रांगेत सगळ्यांना सांगत फिरले. लिम्फोमाच्या, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कर्करोगाच्या, एका आजोबांना व्हिनक्रिस्टीन चालू होतं. ते आपल्या सदाफुलीतून मिळतं हे कळल्यावर आजोबा सलाईनच्या बाटलीकडे कितीतरी वेळ बघत राहिले.

माझे डोस संपले. बोटांच्या टोकांना अजून मुंग्या आहेत आणि तीन महिन्यांनी तपासणी असते, तिच्या आधीचा आठवडा मला अजून झोप लागत नाही. तरीही दर मंगळवारी आम्ही जातो. गेल्या खेपेला एक कॉलेजातला मुलगा आईच्या औषधांची पिशवी मांडीवर उपडी करून बसला होता. कुठली गोळी कधी, ह्याचा त्याला मेळ लागत नव्हता. ह्यांनी शेजारी बसून नवी वही उघडली आणि पेन त्याच्या हातात दिलं.

"गोळ्यांच्या वेळा आपण सिस्टरना विचारून भरू," म्हणाले. "तू आधी तारीख घाल."