खडूची दाढ

मी पुण्यात एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. संध्याकाळी नारायण पेठेतल्या एका खोलीत सहा-सात मुलांना 'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेचं जीवशास्त्र शिकवते. १८० पैकी ९० प्रश्न जीवशास्त्राचे, ७२० पैकी ३६० गुण त्यांचे, त्यामुळे मुलं येतात. निकालानंतर पालक येतात. हातात प्लास्टिकची फाइल: डोमिसाइल, नॉन क्रिमिलेअर, जात वैधता. राज्याच्या ८५ टक्के कोट्यासाठी कॉलेजांचा पसंतीक्रम लावून द्या म्हणतात.

पसंतीक्रमाबद्दल एक गैरसमज लोकांच्या डोक्यात घट्ट बसलाय. वरचं कॉलेज आधी टाकलं आणि ते मिळालं नाही, तर खालचंही हातचं जातं म्हणे. तसं होत नाही. गुणवत्ता यादीत तुमचा नंबर आला की तुमची यादी वरून वाचली जाते, आणि जिथं पहिल्यांदा जागा शिल्लक दिसेल ती तुमची. त्याखालचं बघितलंच जात नाही. न मिळणारी कॉलेजं वर टाकल्यानं काही बिघडत नाही, नको असलेलं वर टाकल्यानं बिघडतं. मी हे चिठ्ठ्यांवर समजावते. जमिनीवर चिठ्ठ्या मांडायच्या आणि दोन-दोन उचलून विचारायचं, "दोन्ही मिळत असतील तर कुठली घेशील?" दोन तास सहज जातात. बाहेर सल्ला देणारे पंचवीस हजार घेतात आणि गेल्या वर्षीच्या कटऑफची उतरती यादी हातात ठेवतात. मुलाला एक शब्द विचारत नाहीत. मला त्यांचा राग येतो, म्हणूनच पुढचं लिहिणं जड जातंय.

भोरची एक मुलगी दोन वर्षं माझ्याकडे होती. हुशार, अबोल. खिडकीशी बसून कर्कटकानं खडू कोरत राहायची. लक्ष नाही म्हणून मी दोनदा रागावलेही. यंदा तिच्या चिठ्ठ्या मांडल्या तेव्हा वडील शेजारीच बसले होते. सगळी सरकारी एमबीबीएस कॉलेजं आधी, दंत महाविद्यालयं शेवटी, असं तिनं मुकाट्यानं लावलं. फॉर्म घरी जाऊन भरते म्हणाली.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी वडिलांचा फोन आला. "मॅडम, एकदा नजर टाका." मी त्यांच्याकडून ओटीपी घेऊन लॉगिन केलं. पुण्या-मुंबईची एमबीबीएस कॉलेजं वर होती, बरोबर. त्यांच्याखाली मुंबईचं शासकीय दंत महाविद्यालय, आणि त्याच्याही खाली गोंदिया, नंदुरबार. मला वाटलं, घाईत ओळ वर सरकली. ती आत्याकडे गेली होती. फोन लावला, लागला नाही. एकदाच लावला. दंत महाविद्यालय सगळ्या एमबीबीएसच्या खाली नेलं आणि फॉर्म सेव्ह केला.

गोंदिया मिळालं.

वडील पेढे घेऊन आले. ते गाडी बाजूला लावायला खाली गेले तेव्हा ती म्हणाली, "ताई, ती चूक नव्हती."

वरची कॉलेजं आपल्याला मिळणार नाहीत हे तिला माहीत होतं. वडिलांना दिसावीत म्हणून ती वर ठेवली आणि बरोबर त्यांच्याखाली आपल्याला हवं ते. मीच शिकवलेला नियम तिनं माझ्यापेक्षा नेमका वापरला होता, आणि मी तो पुसला.

तिनं टेबलावर एक खडू ठेवला. टोकाला दाढ कोरलेली. नंतर मी पुस्तकाशी ताडून पाहिली: खालची पहिली दाढ, गालाच्या बाजूला तीन उंचवटे, जिभेच्या बाजूला दोन, मधल्या खाचासुद्धा बरोबर. बीडीएसच्या, म्हणजे दंतवैद्यकाच्या, पहिल्या वर्षी मुलांना मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायला शिकवतात. ही ते शाळेच्या खडूवर करत होती, माझ्यासमोर, दोन वर्षं.

"पुढची फेरी आहे, मी बाबांशी बोलते," म्हटलं. ती म्हणाली, "नको. त्यांनी अख्ख्या आळीत पेढे वाटलेत."

महाराष्ट्र एक्सप्रेसनं ती गेली. रात्री पुण्यात बसलं की गोंदियाला पोचेपर्यंत दुसरी संध्याकाळ होते. माझी रूममेट म्हणते, सरकारी एमबीबीएस मिळालं, तू तिचं भलंच केलंस. तिला काय वाटतं हे मी विचारलं नव्हतं, आणि त्या मुलीलाही नव्हतं विचारलं. दुसऱ्या फेरीसाठी आलेल्या पालकांना मी आधी खाली चहाला पाठवलं आणि चिठ्ठ्या मुलांबरोबर एकटीनं मांडल्या.

परवा तिचा मेसेज आला. "ताई, डिसेक्शन सुरू झालं. आधी हात. डोकं आणि मान शेवटी आहे म्हणे."