चाकूची नोंदवही : पावसाळ्यातला गंज आणि काकांचा कोयता

मागच्या नोंदीत मी ठासून लिहिलं होतं की ट्रेकचा चाकू कार्बन स्टीलचाच, म्हणजे गंज धरणाऱ्या साध्या पोलादाचाच हवा, स्टेनलेस काय ते स्वयंपाकघरात. ते मागे घेतोय. म्हणजे निम्मंच.

जुलैत राजमाचीला गेलो होतो, कोंदिवड्याकडून. दिवसभर धो धो पाऊस. कर्जतहून लोकल पकडून मुलुंडला घरी पोचेपर्यंत रात्रीचे अकरा. सॅक गॅलरीत टाकली आणि पुढचा आठवडा ऑफिसात गेला. चाकू बाजूच्या कप्प्यात, चामड्याच्या म्यानात. आठव्या दिवशी काढला तर पात्यावर तांबूस नकाशा! बारीक पॉलिश पेपर आणि तेलाने वरचा गंज निघाला, पण मुठीजवळ टाचणीच्या टोकाएवढे तीन खड्डे पडलेत. ते आता कायमचे.

रविवारी चहाला जमलो तेव्हा स्टेनलेसवाला मित्र अर्थातच म्हणाला, "सांगत होतो की नाही?" मी गप्प. पण आमच्यातल्या काकांनी पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला कोयता काढून टेबलावर ठेवला. पेणजवळच्या लोहाराकडून ट्रकच्या कमानपाट्याचा करून घेतलेला. तोही स्टेनलेस नाहीच. काळाभोर, आणि तांबूस ठिपका औषधालाही नाही.

"काका, म्यान?"

"कसलं म्यान? वापरला की पुसायचा, खोबरेल फिरवायचं, सुक्या फडक्यात गुंडाळायचा. तू ओल्या चामड्यात आठ दिवस कोंडलास, त्यात बिचाऱ्या पोलादाने काय करावं?"

खरंय. चामडं ओल धरून ठेवतं, आणि ते कमावताना वापरलेली द्रव्यं पोलादाला सोसत नाहीत. दोष पात्याचा कमी, माझा जास्त. तरी स्वतःचा आळस मला ठाऊक आहे, म्हणून पावसाळ्यासाठी मोरा या स्वीडिश कंपनीचा कंपॅनियन चाकू घेतला, स्टेनलेसचा. स्टील १२सी२७ नावाच्या जातीचं, त्यात गंज रोखणारं क्रोमियम साधारण १३.५ टक्के. पातं जेमतेम १० सेंमी, जाडी २.५ मिमी. म्यान प्लास्टिकचं, पाणी निथळायला खाली भोक. दिसायला अगदी गरीब. पण पुसायचा राहिला तरी आठवड्यात नकाशा उमटणार नाही.

दुसरा वाद जाडीचा. मित्राचा चाकू ५ मिमी जाड, पोलाद मुठीच्या टोकापर्यंत सलग, म्हणजे फुल टँग. माझ्या मोराचं पोलाद मुठीत शेवटपर्यंत जात नाही, म्हणून तो त्याला खेळणं म्हणतो. मी त्याच्या चाकूला पहार म्हणायचो. शेवटी दोन्ही घेऊन बसलो. गाजर माझ्याने कापलं गेलं. त्याच्याने अर्ध्यातच कडकन फुटलं, जाड पातं पाचरीसारखं घुसतं ना. मग सुताराकडून आणलेला सागाचा तुकडा. त्याने पातं वर टेकवून दुसऱ्या लाकडाने चार ठोके घातले, उभा चिरला. माझा दुसऱ्या ठोक्याला अडकला आणि तिसरा घालायची माझी छाती झाली नाही. नंतर बोलता बोलता कळलं, चिपळूणला गेला की बंबाखालची लाकडं हाच फोडतो. मी ट्रेकला गॅसची शेगडी नेतो; माझा चाकू काकडी, कांदा आणि दोरी यांपलीकडे जात नाही. 'पहार' शब्द मागे घेतला. 'खेळणं' त्याने अजून घेतलेला नाही.

एक मात्र वादापलीकडचं. कर्नाळा, भीमाशंकर, बोरिवलीचं नॅशनल पार्क इथे चाकू घरीच ठेवतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात जाता येत नाही, आणि त्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत चाकूही आहेत.

आता धार. माझ्या मोराला स्कँडी ग्राइंड आहे, म्हणजे धारेपर्यंत थेट जाणारा एकच सपाट उतार. त्याचं मला आवडतं ते हे की उतार रुंद असतो. तो दगडावर सपाट टेकवला की कोन आपोआप साधतो. हजार ग्रिटचा, म्हणजे मध्यम बारीक कणांचा दगड, वर पाणी. आधी उतारावर मार्करने काळी रेघ ओढली. पाच-सहा हात मारून बघितलं तर शाई मधली गेली, टोकाकडची तशीच! म्हणजे पात्याच्या वळणावर मी मूठ उचलतच नव्हतो. दोन महिने टोक बोथट का राहतं, याचं उत्तर दोन रुपयांच्या शाईत मिळालं. नंतर दुसऱ्या बाजूला बोटाला बारीक खरखर लागली की बाजू बदलायची, आणि शेवटी जुन्या पट्ट्याच्या चामड्यावर उलटे हात. वर्तमानपत्राचा कागद आता न अडकता चिरतो.

ते बघून काकांनी कोयता माझ्याकडे टाकलाय. त्याची धार फुगीर, सपाट टेकवून चालायची नाही. दगडावर हात गोलाईत फिरवावा लागणार. जाताना दारातून बजावून गेले, "हातावरचे केस उडवणारी धार नको हो, मला नारळ सोलायचेत."