ठेवली कुठे?

काल दादाने सहज विचारलं, "मग ती ६५,००० चित्रं ठेवली कुठे?" मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. उत्तर ठाऊक होतं, पण सांगवेना. रात्रभर तेच टोचत राहिलं, म्हणून आज वहीत.

'लव्हिंग व्हिन्सेंट' या चित्रकार व्हॅन गॉगवरच्या सिनेमाबद्दल कुणालाही सांगताना आपण आधी तो आकडाच फेकतो. ६५,००० फ्रेम, एकूण एक तेलरंगात, हाताने, सव्वाशे चित्रकारांनी. समोरचा "बापरे" म्हणतो आणि विषय तिथेच संपतो. दादा हिशेबातला माणूस, त्याला थेट गोदाम दिसलं.

गोदाम नाहीये रे. तेवढी चित्रंच नाहीयेत.

पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम जातात. इथे एकेक चित्र दोनदा घेतलंय, म्हणजे सेकंदाला १२. दीड तासाचा गुणाकार केला की ६५,०००च्या आसपास येतात. पण बोर्ड तेवढे लागले नाहीत. शॉट ८५३, आणि साधारण एका शॉटला एक कॅनव्हास बोर्ड, ६७ बाय ४९ सेंटीमीटरचा. आधी खऱ्या नटांना घेऊन शॉट चित्रित करायचा. मग चित्रकार त्याच्या बंदिस्त कप्प्यात बसणार, कॅमेरा आणि दिवे जागच्या जागी आवळलेले. नटाच्या शॉटवरून पहिली फ्रेम अख्खी रंगवायची. फोटो. जेवढं हललं तेवढं खरवडायचं, पुसायचं, नव्या जागी पुन्हा रंगवायचं. फोटो. पुन्हा खरवडायचं.

समजा, सिनेमाचा नायक, पिवळ्या जाकिटातला आर्मां रूलँ मान वळवतो. चार सेकंद. म्हणजे ४८ चित्रं, त्यातली ४७ पुसायची. नुसती मान नाही, मानेबरोबर कॉलरची सावली सरकते, टोपीच्या कडेवरचा निळा फटकारा सरकतो, गालावरचा हिरवट पट्टा वळतो. आणि व्हॅन गॉगचा रंग जाड, फटकाऱ्याला स्वतःची उंची असते, दिव्याखाली त्याची बारीक सावली पडते. सुरीने तो उचलला की शेजारच्या पिवळ्याची कड पण थोडी निघते. ती कड पुन्हा लावायची, आणि तशीच्या तशी लावता येत नाही. म्हणून स्थिर भिंतसुद्धा पडद्यावर किंचित उकळत असते. लोक त्याला शैली म्हणतात. बरंचसं ते पुसण्याचं दुखणं आहे.

कॅमेराच सरकणार असेल तर मग कल्याणच. सुरुवातीला आपण 'स्टारी नाइट'च्या आकाशातून खाली गावात उतरतो ना, तिथे स्थिर असं काहीच नाही. दर फ्रेमला अख्खा बोर्ड नव्याने रंगवायचा.

त्यात तेलरंग. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही, ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, म्हणून वरून साय धरते आणि आत ओलंच राहतं. सायीवर ब्रश फिरवला की सुरकुती. लवंगेचं तेल थेंबभर घातलं तर रंग जास्त दिवस ओला राहतो, जास्त पडलं तर ओघळतो. शिवाय सगळे रंग एका वेगाने वाळत नाहीत. अंबरसारखे मातकट रंग भराभर, कॅडमियम आणि आयव्हरी ब्लॅक निवांत. एकाच चेहऱ्यात भुवई ओली आणि जबडा वाळलेला. कालवलेला रंग मध्येच संपला तर नव्याने कालवलेला त्याच छटेचा हवा, नाहीतर सोमवार आणि मंगळवारच्या फ्रेममध्ये पिवळा लुकलुकतो. बोर्डाला कोपर लागलं तर बोलायलाच नको.

एवढं सगळं करून सुरीने काढून टाकायचं.

हेच गिळता येत नाहीये. वाईट चित्र पुसणं समजतं. इथे फ्रेम बरोबर जमली म्हणूनच ती पुसायची. शाळेत थुंकी लावून पाटी पुसायचो तेव्हा खालचं गणित चुकलेलं तरी असायचं. रांगोळीचं उदाहरण सुचलं होतं, पण ती काढतानाच पुसायची म्हणून काढतात आणि निदान दिवसभर तरी दारात राहते. ही काही मिनिटं राहिली. एका कॅमेऱ्याने पाहिली. दिवसभर राबून संध्याकाळी हातात आदल्या दिवशीएवढंच, हे कुणाला सांगायचं... जाऊ दे, तो वेगळा विषय आहे.

हिशेब मात्र करून पाहिला. एका शॉटचा एकच बोर्ड धरला तर ६४,००० हून जास्त चित्रं गेली आणि साडेआठशेच्या आसपास उरली. आणि व्हॅन गॉगची उण्यापुऱ्या दहा वर्षांतली तेलचित्रं किती? साधारण ८६०. वही पुढे ओढून दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले आणि हसूच आलं. एवढी सव्वाशे माणसं राबली, शेवटी शिल्लक जवळपास त्या एकट्याएवढीच.

आणि तो तरी कुठे सगळं जपत होता. कॅनव्हासला पैसे पडायचे, मग जुन्यावरच नवं. पॅरिसला १८८७ मध्ये केलेलं ते गवताचं चित्र, नुसतं हिरवं गवत, त्याच्या खाली एका बाईचा चेहरा आहे. त्याआधीच्या, हॉलंडमधल्या न्यूनन गावच्या दिवसांतला, तपकिरी, शेतकऱ्यांच्या घरातला. २००८ मध्ये क्ष-किरणांनी तो वर आणला, डोळे-ओठांसकट. तिला पुसताना त्याला वाईट वाटलं असेल असं मला तरी वाटत नाही. गवत हवं होतं, जागा तिथे होती.

बोर्डांचंही तसंच असणार. सुरीने कितीही खरवडलं तरी कॅनव्हासच्या विणीत रंग बसतोच. मान वळवून झालेल्या आर्मांच्या खाली आधीच्या ४७ माना थोड्या थोड्या असतीलच. दादाला हे सांगेन उद्या. म्हणजे तो विचारेल, "मग काढला का त्यांचा एक्स-रे?"