क्लीव्हलँडचा एप्रिल

क्लीव्हलँडच्या बेसबॉल संघाच्या इतिहासात हंगामाच्या सलामीलाच फार मोठे काही घडून गेले आहे. 16 एप्रिल 1940 रोजी शिकागोत क्लीव्हलँडचा एकवीस वर्षांचा पिचर (चेंडू टाकणारा) बॉब फेलर याने प्रतिस्पर्ध्यांना एकही हिट (चेंडू मारून बेस, म्हणजे मैदानावरील टप्पा, गाठणे) मिळू दिली नाही, आणि अखेरचा जमिनीलगतचा चेंडू त्याचा सहकारी रे मॅक याने झेप घेऊन अडवून पहिल्या बेसकडे फेकून फलंदाजाला बाद केल्यावर सामना 1-0 असा जिंकला गेला. गंमत अशी की, हंगामाचा पहिलाच सामना असल्याने शिकागोच्या फलंदाजांची सरासरी सामन्याआधी शून्य होती आणि नंतरही शून्यच राहिली.

तरीही मला अधिक मोलाचा वाटतो तो 8 एप्रिल 1975 चा दिवस. मेजर लीगचा (अमेरिकेतील सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेचा) पहिला कृष्णवर्णीय व्यवस्थापक (संघाचा प्रशिक्षक) म्हणून क्लीव्हलँडकडून उतरलेल्या फ्रँक रॉबिन्सनने स्वतःच फलंदाजीला येऊन पहिल्याच संधीत होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखा फटका) मारला आणि न्यूयॉर्कच्या यांकीज संघावर 5-3 असा विजय मिळवला.