पावसाळ्यानंतरची येझदी

यंदा बेळगावचा पाऊस लांबला आणि वडिलांची जुनी येझदी मोटरसायकल पडवीत उभी राहून सर्दाळली, म्हणून आजचा रविवार मी तिलाच दिला. किक मारली की इंजिन फडफडून बंद पडत होते. स्पार्क प्लग काढून पाहिला तर ठिणगी अगदीच फिकी होती. उजव्या बाजूचे झाकण उघडल्यावर कॉन्टॅक्ट पॉइंटच्या (ठिणगीसाठी वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या भागाच्या) दोन्ही तोंडांवर करडा थर चढलेला दिसला. तो बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासला, पेट्रोलने पुसला आणि फीलर गेजची, म्हणजे बारीक फट मोजायच्या साधनाची, पाती सरकवून दोन्ही तोंडांमध्ये ०.४ मिलिमीटरचे अंतर जुळवले. हे अंतर बिघडले की ठिणगीची वेळ चुकते आणि मग कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) कितीही धुतला तरी उपयोग होत नाही. तरीही बहुतेक जण आधी कार्बोरेटरच खोलतात, हे मला पटत नाही.

येझदीचा मैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद झाला, पण शहापुरातले आमचे वयस्कर मिस्त्रीकाका तिचे सुटे भाग अजूनही जपून ठेवतात. “आधी ठिणगी बघ की रे, मग बाकीचं,” हे त्यांचे नेहमीचे सांगणे. दुपारी गाडी पहिल्याच किकला सुरू झाली. आता सायलेन्सर उतरवून आतली काजळी काढायची आहे, कारण पेट्रोलसोबत ऑइलही जाळणाऱ्या टू-स्ट्रोक गाडीचा दम तिथेच कोंडतो.