काकांचा रिफंड
जुलै आला की काकांना ‘तुमचा इन्कम टॅक्स रिफंड मंजूर’ अशी मेल हटकून येते, आणि काका फोन घेऊन माझ्याकडे. लोगो, अशोकस्तंभ मी बघतच नाही. ते कोणीही चिकटवतं. पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता उघडते आणि शेवटाकडून वाचते. आयकर खात्याचा पत्ता ‘गव्ह डॉट इन’वर संपतो. इथे ‘गव्ह’ मधेच कुठेतरी, शेपटीला भलतंच. (पत्ता बरोबर दिसला तरी लिंक दाबायची नाही, पोर्टल स्वतः टाइप करून उघडायचं.) शिवाय रिफंड पडताळलेल्या बँक खात्यातच जमा होतो, त्याला कार्डाचा नंबर, ओटीपी कशाला?

“अगं, पण रक्कम बरोबर वाटतेय!”

वाटणारच. मोह पडेल इतकीच टाकतात. मेल ‘फिशिंग’ (म्हणजे माहिती काढून घेणारी फसवी मेल) म्हणून रिपोर्ट केली, आणि काकांच्या फोनमध्ये सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा १९३० नंबर सेव्ह करून दिला. पैसे गेलेच, तर आधी तिथे फोन, मला नंतर.